चारशे कोरी वर्षे: दख्खनच्या प्राचीन लोकसंख्येचा आलेख काढताना

(प्रकरणातल्या व्यक्तींची आणि संस्थेची नावे गाळली आहेत.)

पार्श्वभूमी

दादरला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दर दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण जमतो. पुरातत्त्वात एम.ए. केलेली एक मुलगी, महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाई, बँकेतून निवृत्त झालेले काका, नगररचनेत काम करणारा एक मित्र आणि अनुवादाची कामे करणारी मी. जूनअखेर एका संस्थेकडून विचारणा आली. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांवर त्यांचे प्रदर्शन होते आणि त्यासाठी एक फलक हवा होता. इ.स.पू. २००० पासून इ.स. २०० पर्यंत या प्रदेशातली माणसे कशी वाढली, कशी घटली हे दाखवणारा आलेख. एकच रेघ, लांबून दिसेल अशी. उद्घाटन दिवाळीनंतर.

"होईल की," काका म्हणाले. आम्हा सगळ्यांनाही तसेच वाटले.

तसे वाटायला कारणही होते. तापी, गोदावरी, प्रवरा, भीमा यांच्या खोऱ्यांत ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या गेल्या सत्तर वर्षांत भरपूर सापडल्या आहेत. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि तिथल्या तांबड्या भांड्यांवरच्या काळ्या नक्षीने एका संपूर्ण संस्कृतीला नाव दिले. जोर्वे संस्कृतीची सुमारे दोनशे स्थळे माहीत आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेले इनामगाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हंगामामागून हंगाम खणले. शंभराहून अधिक घरे उघडी झाली, अडीचशेहून अधिक दफने मिळाली आणि गावाचे तीन कालखंड ठरले: माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). भारतात इतक्या बारकाईने खणलेले प्राचीन खेडे क्वचितच असेल.

गोष्टीचा सांगाडाही ओळखीचा होता. इ.स.पू. १००० च्या सुमारास उत्तरेकडची बहुतेक गावे ओस पडतात. इनामगाव टिकते, पण ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. इ.स.पू. ७०० च्या सुमारास तेही संपते. मग पश्चिम महाराष्ट्रात थेट मौर्य-सातवाहन काळातल्या वस्त्या दिसू लागतात. मधली सुमारे चारशे वर्षे कोरी.

अडचण

पहिला आलेख आम्ही दोन रविवारांत काढला. प्रत्येक कालखंडातली स्थळे मोजली, बिंदू मांडले, जोडले. रेघ छान चढली, पूर्व जोर्वेत शिखरावर गेली, मग कोसळली आणि इ.स.पू. ७०० ला तळाला टेकली.

मुलीने त्या तळावर बोट ठेवले. "काका, इथे शून्य आलंय. म्हणजे चारशे वर्षं इथे कुणीच नव्हतं?"

त्या प्रश्नाने काम चार महिने लांबले. आज मागे पाहताना वाटते, आम्ही ज्या एका ठिकाणी नीट थांबलो ते हेच.

रेघेत दोष कुठे कुठे आहे ते शोधू लागलो तेव्हा पहिला दोष बाईंनी पकडला. कालखंड सारख्या लांबीचे नाहीत. माळवा दोनशे वर्षांचा, पूर्व जोर्वे चारशेंचा. समजा प्रत्येक गाव शंभर वर्षे नांदते आणि मग माणसे दुसरीकडे घरे बांधतात. दोनशे वर्षांच्या कालखंडात अशी ४० स्थळे सापडली तर कोणत्याही एका वर्षी सरासरी २० गावे नांदती असणार. चारशे वर्षांच्या कालखंडात ८० सापडली, तरीही एका वर्षीची गावे २०च. यादीत स्थळे दुप्पट झाली, माणूस एकही वाढला नाही. आमच्या शिखराचा काही भाग अशा गणिताचा होता.

दुसरा दोष काकांचा. फोर्टातल्या एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून त्यांनी पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जुने वार्षिक अहवाल चाळले होते आणि बँकेच्या खतावणीसारखी सुबक यादी केली होती. त्या यादीत तापीकाठचे प्रकाशे तीनदा आले होते: एकदा पश्चिम खानदेशात, एकदा धुळे जिल्ह्यात, एकदा नंदुरबारमध्ये. गाव जागचे हलले नव्हते, जिल्हा बदलत गेला होता. नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला, जालना १९८१ साली औरंगाबादमधून. आता तर औरंगाबाद आणि अहमदनगर ही नावेही बदलली आहेत. काकांना फार वाईट वाटले. पण ही चूक त्यांची एकट्याची नव्हती. ती यादी आम्ही चौघांनी वाचून मान्य केली होती.

तिसरा दोष जमिनीतला. आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांची, काळी आणि पांढरी. काळीत पिकते, पांढरीत माणसे राहतात. पिढ्यान्पिढ्यांची राख, शेण, भिंतींची माती साठून पांढरीचे टेकाड होते आणि ती माती खत म्हणून उत्तम, म्हणून शेतकरी ती गाड्या भरून शेतात नेतो. हजारो वर्षांपूर्वीचे गाव असे काही हंगामांत पिकात मिसळून जाते. जायकवाडी आणि उजनीच्या पाण्याखाली नदीकाठ गेले, काही ठिकाणी पुराच्या गाळाने थर झाकले. आपल्या हाती येतात ती उरलेली गावे.

समोर असलेले पर्याय

स्थळे मोजणे पुरेसे नाही हे ठरल्यावर चार वाटा होत्या.

एक, वस्तीचे क्षेत्रफळ आणि दर हेक्टरी माणसे. पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास असते: प्रवरेकाठचे दायमाबाद सुमारे २० हेक्टरांचे, तिथे ४००० माणसे राहू शकत. आमच्यापैकी तिघांना ते पाठ होते. नगररचनाकार मित्राने भागाकार केला: हेक्टरी २००, म्हणजे चौरस किलोमीटरला २०,०००. मग त्याने २०११ च्या जनगणनेतला मुंबई शहर जिल्ह्याचा आकडा समोर ठेवला. चौरस किलोमीटरला १९,६५२.

खोलीत काही वेळ कुणी बोलले नाही. तुलना सरळ नाही हे मान्य. शहराच्या आकड्यात रस्ते, मैदाने, गोदी सगळे येते आणि टेकाडाच्या आकड्यात फक्त वस्ती. तरीही मातीच्या एकमजली घरांचे, गुरे बांधलेले, धान्याची पेवे खणलेले गाव आणि कुलाबा ते माहीम एका दराने भरायचे, हे गळी उतरेना. शिवाय दायमाबादला एकावर एक पाच संस्कृतींचे थर आहेत. टेकाडाचा सगळा पसारा एकाच वेळी वसलेला होता असे गृहीत धरता येत नाही. इनामगाव सुमारे ५ हेक्टर धरले, तर हेक्टरी ५० ने २५० माणसे आणि २०० ने १०००. गाव तेच. माणसे चौपट होतात ती आपण निवडलेल्या दरामुळे.

दोन, घराचे क्षेत्रफळ. या वाटेवर आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो आणि माझ्या मते ते योग्यच झाले. १९६२ साली रॅऊल नॅरोल या मानवशास्त्रज्ञाने १८ समाजांची माहिती घेऊन एक नियम मांडला: छपराखालच्या दर १० चौरस मीटरमागे एक माणूस. जगभर तो वापरला गेला. नंतरच्या अभ्यासांत ६ चौरस मीटरच्या आसपासचे आकडेही आले. म्हणजे सूत्र बदलले की तीच घरे दीडपटीहून जास्त माणसे देतात.

काका म्हणाले, "आमची परळची खोली दहा बाय बाराची. आम्ही नऊ जण होतो." १० फूट गुणिले १२ फूट म्हणजे ११ चौरस मीटरांहून थोडे जास्त. नॅरोलच्या नियमाने त्या खोलीत एक माणूस राहायला हवा. काकांनी नऊ जणांची झोपायची जागा सांगितली: दोघे माळ्यावर, दोघे मोरीकडे पाय करून, मोठे भाऊ बाहेर गॅलरीत, उन्हाळ्यात गच्चीवर. चाळीतले जगणे खोलीच्या चौकटीत मावत नव्हते, ते जिन्यावर आणि नळापाशीही चालू असे. दख्खनच्या खेड्यातही अंगण आणि ओटा हा घराचाच भाग. छपराखालची जागा मोजून तिथली माणसे मोजायची, तर आधी त्या मुलखात छप्पर कशासाठी वापरतात ते कळायला हवे.

उलट बाजू मित्राने दाखवली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३,३८,०३१ होती, २०११ साली ३०,८५,४११. याच दहा वर्षांत गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठत होते. इमले वाढले, माणसे कमी झाली. उद्या कुणी लालबाग-परळ खणले, तर इमारतींच्या पायांचे आकार पाहून तो म्हणेल की एकविसाव्या शतकात इथे वस्ती फुगली.

तीन, कर्ब-१४ च्या तारखा. जुन्या कोळशात, हाडांत हा किरणोत्सारी कर्ब किती उरला आहे ते मोजून वय काढतात. एखाद्या काळातल्या तारखा जितक्या जास्त, तितकी माणसे जास्त, असे मानून तारखांची बेरीज करण्याची पद्धत १९८७ पासून रूढ आहे. या वाटेचे आम्हाला जरा ममत्व होते, कारण दख्खनच्या अनेक जुन्या तारखा मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत निघाल्या. त्यांच्या क्रमांकांमागचे 'टीएफ' त्या संस्थेचेच. पण तारखा कुठे निघतात? जिथे खणले जाते तिथे. बेरजेत इनामगाव डोंगराएवढे दिसले असते, कारण तिथे पंधरा वर्षे काम चालले होते. शिवाय जुन्या अहवालांत काही तारखा ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्याने (कर्ब-१४ निम्मा व्हायला लागणाऱ्या काळाने) काढलेल्या, काही ५७३० च्या. नुसत्या त्या फरकाने ३००० वर्षांच्या तारखेत जवळपास ९० वर्षे सरकतात. कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे खऱ्या वर्षांशी जुळवून घेतलेल्या, आणि न केलेल्या तारखा एकत्र आल्या, तर आणखी घोळ.

चार, दफने. इनामगावात लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत. बालदफने खूप म्हणून हलाखी फार, असे आम्ही धरून चाललो होतो. मुलीने ते थांबवले. ज्या गावात जन्म जास्त, तिथे मुलांचे मृत्यूही जास्त दिसतात. दफनांमधले मुलांचे प्रमाण मृत्युदराइतकेच, किंबहुना जास्तच, जन्मदराबद्दल सांगते. प्राचीन हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांच्या हाडांचा अभ्यास केला आणि पाऊस आटल्यामुळे ही गावे मोडली या जुन्या मांडणीवरच प्रश्न उभा केला. म्हणजे रेघ का उतरली याचे ठरलेले उत्तरही हातचे गेले.

काय केले

प्रकाशेसारखी दुबार स्थळे काढून यादी पुन्हा केली. या वेळी गावाच्या नावावर न थांबता नदी, काठ आणि शेजारचे गाव पाहून. तारखांची बेरीज सोडून दिली. कालखंडाच्या लांबीने भागून स्थळांची संख्या सुधारली. एका रेघेऐवजी पट्टा काढायचे ठरले: खालची कड काटकसरीच्या गृहीतकांची, वरची सढळ गृहीतकांची. माणसांचे आकडे उभ्या अक्षावर द्यायचे की नाही यावर वाद झाला. बाईंचा ठाम विरोध. मित्राचे म्हणणे, आकडा नसेल तर लोक काहीच घेऊन जाणार नाहीत. शेवटी प्रदेशाचा आकडा दिला नाही. एका गावाचा, इनामगावचा, २५० ते १००० असा दिला आणि तो कसा आला हे दोन ओळींत लिहिले.

राहिली ती कोरी चारशे वर्षे. त्यांचे काय करायचे हा खरा निर्णय होता.

मुलीने तीन गोष्टी एका कागदावर मांडल्या. जोर्वेची नक्षीदार खापरे शेतात चालता चालता ओळखू येतात. साधी, जाडीभरडी, नक्षी नसलेली खापरे उचलून कुणी 'इ.स.पू. सहावे शतक' म्हणत नाही. दुसरे, इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वातावरणातल्या कर्ब-१४ चे प्रमाण असे बदलले की त्या चारशे वर्षांतल्या कोणत्याही वस्तूची तारीख जवळजवळ एकसारखी येते. त्याला हॉलस्टाट पठार म्हणतात. नेमकी जी वर्षे आम्हाला हवी होती, त्याच वर्षांत कर्ब-१४ चे घड्याळ अडते. तिसरे, शेतीवरून शेरडामेंढरांकडे वळलेली, फिरती माणसे मागे फार थोडे ठेवतात. मेंढपाळांचा वाडा महिनाभर बसून उठला की काय उरते? चुलीची राख आणि लेंड्या. उत्तर जोर्वेतल्या गोल झोपड्यांवरून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी अर्धभटक्या जीवनाकडे बोट दाखवले होतेच.

आणि विदर्भ? जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली शिलावर्तुळे, म्हणजे थडग्यांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे, याच सुमाराची. तिथे थडगी ठळक आणि घरे विरळ, पण माणसे होती यात शंका नाही.

बाईंनी त्यात एक हिशेब जोडला. तीनशे वर्षांत लोकसंख्या निम्मी व्हायला वर्षाला पाव टक्क्याहून कमी घट पुरते. शंभर माणसांच्या गावात चार वर्षांनी एक माणूस कमी. आलेखात जो कडा दिसतो तो जगणाऱ्याला जाणवलाही नसेल. उलट मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर माणसे घाबरून गाड्या भरभरून गावी गेली. १८९१ च्या खानेसुमारीत ८,२१,७६४ माणसे होती, १९०१ च्या खानेसुमारीत ७,७६,००६. ज्यांनी ते पाहिले त्यांना तो प्रलय वाटला असेल. चारशे वर्षांच्या मातीच्या थरात तो कुठेच दिसला नसता.

म्हणून त्या चारशे वर्षांवर आम्ही रेघ उतरवली नाही. पट्टा इ.स.पू. ७०० ला थांबवला, पुढचा भाग तिरप्या करड्या रेषांनी भरला आणि आत लिहिले: 'इथे माणसे किती होती ते आज हाती असलेल्या साधनांनी मोजता येत नाही.'

निष्पत्ती

संस्थेचे समन्वयक खूश नव्हते. "लोक गोंधळतील," ते म्हणाले. एकच रेघ मागितली होती हे त्यांचे म्हणणे खरेच होते. दोन बैठका झाल्या. मित्राने दायमाबाद आणि मुंबईचे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा ते मऊ झाले आणि ती तुलना फलकावर हवी असे त्यांनीच सुचवले.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी छापून आलेला फलक पाहिला तर करड्या रेषा गायब. मांडणी करणाऱ्याला ती फाइलमधली चूक वाटली होती आणि त्याने सद्भावनेने ती जागा पांढरी केली होती. पांढऱ्या जागेत आमचे वाक्यही गेले. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मुलगी आणि मी रात्री साडेनऊपर्यंत सहा-बी पेन्सिलीने फलकावर तिरप्या रेषा मारत बसलो, वाक्य तिच्या हस्ताक्षरात लिहिले. छापील आलेखात तेवढाच भाग हाताने काढलेला. लोक जवळ येऊन वाचत होते ते तेच.

फलकासमोरच्या फरशीवर मित्राने खडूने दहा बाय बाराचा चौकोन आखला होता. शेजारी प्रश्न: 'या जागेत किती माणसे राहत असतील?' शाळेतली मुले दोन-तीन म्हणत. साठीपुढची माणसे थबकत, चौकोनात शिरत, आणि सात, आठ, अकरा म्हणत. एक आजी आत उभ्या राहून चूल, मोरी, देवाचा कोनाडा हाताने दाखवत होत्या. ज्या बाजूला दार होते तिकडून चौकोनाबाहेर पडल्या.

पुन्हा करायचे झाले तर

पहिल्या दिवशी विचारले पाहिजे होते: रेघ कशाची? माणसांची, गावांची की सापडलेल्या स्थळांची? तिघांत फरक आहे हे आम्ही दोन महिने वाया घालवून शिकलो. संपूर्ण महाराष्ट्र घेण्याऐवजी नीट पाहणी झालेले एखादे खोरे घेतले असते, तर कालखंडांची सुधारणा जास्त भरवशाची झाली असती. विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र एका आलेखात बसवण्याचा हट्ट तर सोडायलाच हवा होता. एकीकडे थडगी मोजायची आणि दुसरीकडे घरे, आणि त्यांची बेरीज करायची, हे मला अजूनही पटत नाही.

छापखान्यात जाणाऱ्या फाइलसोबत, कोणता भाग मुद्दाम रेषांनी भरला आहे याची चिठ्ठी जोडायला हवी होती. पाच मिनिटांचे काम.

पण सगळ्यांत मोठी चूक चौकोनापाशी झाली. नॅरोलचा नियम १८ समाजांवर उभा आहे. आमच्यासमोर रोज माणसे येऊन खोलीचे माप आणि त्यातली डोकी सांगत होती, आणि आम्ही वही ठेवली नाही. प्रदर्शन उठले, खडू पुसला गेला. आता काका परळ-लालबागच्या ओळखीच्या घरांत जातात. त्यांच्या वहीत रकाने आहेत: खोलीचे माप, साल, माणसे, माळा होता का, बाहेर कोण झोपायचे. शेवटचा रकाना त्यांनी नंतर वाढवला. त्यात पावसाळ्यात बाहेर झोपणारे कुठे झोपायचे, ते लिहितात.